२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ करूनही आवाज दबलेलाच? फाइल बाजूला ठेवा, टेपकडे या

"काका, कॅसेटची फाइल २४ बिटमध्ये करून घेतली, तरी आवाज घोंगडीखालून आल्यासारखाच येतोय. अजून अपसॅम्पल करून बघू का?"

ही तक्रार मला महिन्यातून दोनदा तरी येते. शब्द थोडे बदलतात. कुणी १६ बिटची २४ बिट केलेली असते, कुणी ४४.१ किलोहर्ट्झची १९२, कुणी एमपी३ची (आवाजातली माहिती गाळून लहान केलेली फाइल) फ्लॅक (काही न गाळता लहान केलेली). दुखणं तेच: फाइल फुगली, आवाज होता तिथेच. (सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला. तयार फाइलचा सॅम्पल रेट नंतर वाढवणं म्हणजे अपसॅम्पल.) मी मिरजेत राहतो, घरी दोन जुने कॅसेट डेक आहेत आणि हौस म्हणून लोकांच्या कीर्तनाच्या, भजनी मंडळांच्या, घरगुती बैठकांच्या कॅसेटी संगणकावर उतरवून देतो. दर वेळी तेच उत्तर टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

घाईत असाल तर एवढंच वाचा: मुद्रण (रेकॉर्डिंग) झाल्यावर बिट किंवा सॅम्पल रेट वाढवून आवाज सुधारत नाही. सहसा बिघडतही नाही. दबलेपणाचं मूळ बहुतेक वेळा फाइल तयार होण्याच्या आधी असतं आणि दुरुस्तीही तिथेच होते.

सात कॅसेटी, त्रेचाळीस जीबी

गेल्या पावसाळ्यात तासगावहून एक ताई आल्या. सासऱ्यांच्या कीर्तनाच्या ९० मिनिटांच्या सात कॅसेटी, आणि सोबत एक पेन ड्राइव्ह. एका दुकानातून त्यांनी त्या आधीच 'एचडी' करून घेतल्या होत्या. चौदा बाजूंच्या चौदा वेव्ह (आकाराने लहान न केलेल्या) फाइल, सगळ्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, प्रत्येकी ३.१ जीबी. एकूण साडेत्रेचाळीस जीबी कीर्तन. आणि आवाज असा, की बुवा शेजारच्या खोलीत दार लावून बोलताहेत.

पहिली फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या ॲपमध्ये उघडली आणि ट्रॅकच्या मेनूतून लहरींऐवजी स्पेक्ट्रोग्राम (खालचे-वरचे स्वर किती आहेत हे रंगाने दाखवणारं चित्र) निवडला. हे तुम्हीही करा, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये वरची मर्यादा वाढवून घ्या, नाहीतर खालचाच भाग दिसत राहतो. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ९६ किलोहर्ट्झपर्यंतच्या कंपनांना जागा असते. ताईंच्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झपर्यंत रंग होता आणि त्याच्या वर, अगदी पट्टीने रेघ मारावी तसं, सगळं काळं. कॅसेटची खरखर अशी रेघेवर येऊन थांबत नाही, ती वर जाताना हळूहळू विरते. १६ किलोहर्ट्झची सरळ रेघ ही साधारण १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बरीच माहिती गाळलेल्या, एमपी३ची खूण. म्हणजे आधी कुणीतरी कॅसेटची एमपी३ केली होती आणि नंतर तीच १९२ला ताणली होती.

"म्हणजे फसवलं का हो आम्हाला?" ताईंनी विचारलं. मला तसं वाटलं नाही. त्या दुकानदारालाही बहुधा खरंच वाटत असणार की आकडा वाढला की आवाज सुधारतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे विहिरीच्या बाबतीत सगळ्यांना कळतं, फाइलच्या बाबतीत कळत नाही.

बिट वाढवले की नक्की काय होतं

१६ बिटमध्ये आवाजाच्या लहरीची उंची मोजायला ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६. हे आकडे ऐकले की लोकांच्या डोळ्यांपुढे जिना येतो: कमी बिट म्हणजे ओबडधोबड जिना, जास्त बिट म्हणजे गुळगुळीत उतार. हे चित्र डोक्यातून काढून टाका. फाइलमधले आकडे विजेत बदलून बाहेर पडताना फिल्टरमधून जातात आणि स्पीकरपर्यंत पोहोचणारी लहर १६ बिटलाही सलगच असते. बिटांची संख्या ठरवते ती खरखरीची पातळी. प्रत्येक बिटमागे ती साधारण ६ डेसिबलने खाली जाते. सर्वांत मोठा आवाज आणि ही खरखर यांत १६ बिटला कागदावर सुमारे ९८ डेसिबलचं अंतर मिळतं, २४ बिटला सुमारे १४६. उपकरणातलं कुठलंच सर्किट त्या १४६पर्यंत पोहोचत नाही, चांगल्यात चांगली १२०च्या पुढे थोडी जातात.

आता कॅसेट घ्या. घरी भरलेल्या साध्या टेपचा सर्वांत मोठा आवाज आणि तिची स्वतःची खरखर यांत ५० ते ६० डेसिबलचं अंतर असतं. हिशेब केला तर हे सगळं आठ ते दहा बिटांत बसतं. तिची सूं-सूं १६ बिटच्या खरखरीपेक्षा कितीतरी वर आहे. २४ बिट केल्याने ती सूं-सूं फक्त जास्त अचूक मोजली जाते.

आणि आधीच १६ बिट असलेली फाइल २४ केली, तर प्रत्येक आकड्याच्या शेवटी आठ शून्यं चिकटतात. बारा रुपयांना १२.०० रुपये लिहिलं म्हणून खिशात पैसे वाढत नाहीत. गंमत म्हणजे फ्लॅकला हे कळतं. अशी फुगवलेली फाइल फ्लॅकमध्ये साठवली, तर खालचे आठ बिट रिकामे आहेत हे ओळखून तो ते वगळतो, आणि फ्लॅकचा आकार १६ बिटच्या फ्लॅकइतकाच येतो. तबला शिकणाऱ्या एका मुलाने मला त्याची '२४ बिट मास्टर' फाइल पाठवली होती, तिचं सोंग असंच उघडं पडलं. मात्र ही युक्ती नुसत्या शून्यं चिकटवलेल्या फाइललाच लागू पडते. मध्ये कुठे सॅम्पल रेट बदलला असेल, आवाज कमी-जास्त केला असेल किंवा मूळ एमपी३ असेल, तर खालचे बिट गणिताच्या उरल्यासुरल्या आकड्यांनी भरतात आणि फ्लॅक फसतो. मग स्पेक्ट्रोग्रामच बघावा लागतो.

सॅम्पल रेटचंही तसंच. ४४.१ किलोहर्ट्झला २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा आवाज पकडता येतो, आणि तरुण निरोगी कानाची धाव २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते. माझी साठीनंतरची कधीच खाली आली आहे. फाइल १९२ केली की मधले नमुने आहे त्याच नमुन्यांवरून हिशेबाने भरले जातात. ताकात पाणी घालून ताक वाढतं, लोणी वाढत नाही.

विश्वास बसत नसेल तर हा प्रयोग करा. तंबोऱ्याचं एखादं स्वच्छ मुद्रण घ्या, चार तारा छेडून शेवटची तार पूर्ण विरेपर्यंत. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये क्वालिटीच्या पानावर डिदर (ते काय, पुढे सांगतो) बंद करा आणि ८ बिट वेव्ह म्हणून साठवा. आता कान देऊन ऐका: तार जोरात असताना फारसं कळत नाही, पण जवारी (तारेची ती झणझणती गुंज) विरायला लागली की तिच्या कडा फाटतात, करकर येते आणि शेवट एकदम तुटतो. मग डिदर चालू करून पुन्हा ८ बिटच करा. डिदर म्हणजे मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर. आता मागे सलग सूं-सूं आहे, जवळपास कॅसेटसारखी, आणि त्या सूं-सूंच्या आतून तार शेवटपर्यंत शांतपणे विरताना ऐकू येते. बिट तेवढेच, २५६ पायऱ्या. आता तिसरी गोष्ट करा. ती पहिली, फाटलेली फाइल २४ बिट करा आणि ऐका. फाटलेली तार फाटलेलीच राहते. तंबोरे बनवणाऱ्या गावात राहत असल्यामुळे असेल, पण ही करकर मला एकदा ऐकू आली की विसरता येत नाही. बिट कमी करायचे असतील तेव्हा डिदर लावाच. वाढवताना त्याची गरज नाही.

"पण मला फरक ऐकू येतो!"

हे वाक्यही ठरलेलं. मी खोटं म्हणत नाही, फक्त विचारतो की दोन्ही फाइलींचा आवाज सारखा ठेवला होता का? अर्ध्या डेसिबलने मोठी असलेली फाइल 'मोठी' वाटत नाही, 'जास्त मोकळी' वाटते. रूपांतर करताना कित्येक ॲप नकळत आवाज वरखाली करतात. उलटही घडतं: मूळ फाइल अगदी शेंड्यापर्यंत, म्हणजे तिच्यात मावेल तेवढ्या मोठ्या आवाजापर्यंत, भरलेली असेल, तर अपसॅम्पल करताना दोन नमुन्यांच्या मधला खरा शेंडा मर्यादेच्या वर निघतो आणि कापला जातो. त्या फाइलमध्ये अपसॅम्पलिंगने खरंच बिघाड केलेला असतो. म्हणून आधी आवाज ३ डेसिबल खाली घ्या, मग बदला.

फूबार२००० या संगणकावरच्या प्लेयरमध्ये एबीएक्स नावाच्या चाचणीची सोय आहे. कुठली फाइल वाजते आहे हे तो लपवून ठेवतो, तुम्ही ओळखायचं. सोळा वेळा करा. बारा किंवा जास्त बरोबर आली, तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तुम्हाला खरंच काहीतरी ऐकू येतंय. (सोळा नाणी उडवली तर एकूण शक्यता ६५,५३६ होतात, १६ बिटच्या पायऱ्यांइतक्याच. हिशेब एकच आहे.)

अस्सल हाय रेझोल्यूशन मुद्रणांवर असे प्रयोग मोठ्या प्रमाणात झाले आहेत. अमेरिकेत मायर आणि मोरान या संशोधकांनी एसएसीडी व डीव्हीडी ऑडिओ या सीडीहून जास्त माहिती साठवणाऱ्या तबकड्यांचा आवाज मध्येच १६ बिट, ४४.१मधून फिरवून लोकांना ओळखायला लावला. २००७मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर होती. नाणं उडवून साधारण तेवढीच आली असती. पुढे २०१६मध्ये लंडनचे संशोधक जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांची सरासरी ५२.३ टक्के भरली. किंचित जास्त, सराव दिलेल्या श्रोत्यांत अजून थोडी जास्त. त्यावर वाद घालायला जागा आहे, आणि लोक घालतात. पण तो सगळा वाद मुळातच जास्त माहिती असलेल्या मुद्रणांचा आहे. आपली ताणलेली एमपी३ त्या रांगेतही उभी राहू शकत नाही.

अपसॅम्पलिंग निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. १९८२मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा सीडीचं मानक १६ बिटचं होतं, पण फिलिप्सच्या हातात असलेली रूपांतराची चिप १४ बिटची. त्यांनी नमुने चौपट केले, ४४.१चे १७६.४ किलोहर्ट्झ, आणि आकडा जवळच्या पायरीवर नेताना होणारी चूक कानाला न ऐकू येणाऱ्या वरच्या पट्ट्यात ढकलली. १४ बिटच्या चिपमधून जवळपास १६ बिटचं काम निघालं, शिवाय पुढचा फिल्टर सोपा आणि सौम्य ठेवता आला. आज तुमच्या फोनमधली चिपही आत हेच, अजून जास्त पटींनी करते. तुम्ही विकत घेतलेल्या उपकरणाने जे काम आधीच केलं आहे, ते फाइलमध्ये पुन्हा करून ठेवण्याची गरज उरत नाही.

मग दबलेपणा येतो कुठून

आधी संगणक. ऑडॅसिटीत प्रोजेक्ट ९६ किलोहर्ट्झ, ३२ बिट फ्लोट दिसतो, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्याच इनपुटला १६ बिट, ४४.१, कधी तर एकच चॅनल लावलेला असतो. विंडोज तेवढंच घेतो आणि स्वतःच अपसॅम्पल करून ऑडॅसिटीला देतो. म्हणजे तुम्ही न सांगताच बनावट फाइल तयार. दोन्हीकडचे आकडे सारखे करा आणि ऑडॅसिटीत होस्ट (विंडोजकडून आवाज घेण्याचा मार्ग) म्हणून एमएमईऐवजी (MME) वासापी (WASAPI) निवडा.

विंडोजच्या त्याच पानावर 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असतात, ती बंद करा. त्यांतलं नॉइज सप्रेशन बोलणं स्वच्छ करण्यासाठी बनवलेलं आहे आणि एकसारखा चालणारा कुठलाही आवाज त्याला पंख्याचा वाटतो. तंबोरा आणि पेटीचा धरलेला स्वर ते खाऊन टाकतं. एका भजनी मंडळाच्या मुद्रणात दर ओळीनंतर पेटी श्वास कोंडल्यासारखी दबत होती. कारण हेच निघालं.

ब्लूटूथ हेडफोन लावून मुद्रण करत असाल तर काढा. संगणकाने त्याचा माईक घेतला की तो फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जातो, ८ किंवा १६ किलोहर्ट्झ, एक चॅनल. त्यातून कीर्तन टेलिफोनवरून आल्यासारखं ऐकू येतं, आणि लोक टेपला दोष देतात.

आता टेप. आधी डेकचं हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या बोळ्याने पुसा. बोळा तपकिरी निघेल. पांढरा निघेपर्यंत पुसा. मग डॉल्बीचं बटण बघा (मिरवणुकीतली डॉल्बी नव्हे, टेपची सूं-सूं कमी करणारी सोय). डॉल्बी न लावता भरलेली टेप डॉल्बी लावून वाजवली की वरचे स्वर थेट कापले जातात. घरी भरलेल्या टेपांवर बहुतेक वेळा डॉल्बी नसतेच.

एवढं करूनही ताईंची पहिली कॅसेट माझ्या डेकवर दबलेलीच वाजली. टाळ 'थप थप' करत होते. म्हणजे उरला ॲझिमथ, टेपशी असलेला हेडचा कोन.

कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. त्या वेगाने १० किलोहर्ट्झची एक पूर्ण लहर टेपवर ४.७६ मायक्रॉन जागा घेते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एवढी बारीक लहर वाचायची, तर हेडची फट टेपला अगदी काटकोनात हवी. ज्या टेपरेकॉर्डरवर ती टेप भरली त्याचं हेड किंचित कललेलं असेल आणि तुमचं नसेल, तर बारीक स्वर वाचलेच जात नाहीत. शिवाय डावा आणि उजवा चॅनल एकमेकांच्या किंचित मागे-पुढे पडतात, आणि दोन्ही एकत्र करून मोनो ऐकलं की वरचे स्वर एकमेकांना मारतात. मात्र जुळवताना हाच दोष कामाला येतो.

हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. ज्याच्याखाली स्प्रिंग असते तो ॲझिमथचा, आणि त्यावर बहुधा रंगाचा ठिपका असतो. सुरुवातीला तो कुठे होता याची मार्करने खूण करा, हे विसरू नका. टेप चालू ठेवा, आवाज मोनो करा, चुंबक नसलेला बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि एका वेळी आठवा हिस्सा फेऱ्याइतकंच फिरवा. कान टाळ, चिपळ्या आणि 'स', 'श'वर ठेवा. एका जागी पडदा बाजूला केल्यासारखे ते उघडतात, त्याच्या पुढे पुन्हा मिटतात. मधली जागा धरा.

ताईंच्या टेपला पाव फेऱ्याहून थोडं कमी लागलं. 'थप थप'ची 'किणकिण' झाली. बुवांच्या 'पुंडलीक वरदे'नंतर मागे बसलेल्या माणसांचा गजर वेगवेगळ्या गळ्यांचा ऐकू आला, तोपर्यंत तो एकच घोळका होता. पलीकडच्या खुर्चीत ताई काही बोलल्या नाहीत, फक्त मला हाताने टेप थांबवू नका अशी खूण केली.

हे जमल्यावर मुद्रण. ते मी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करतो. ध्वनिसंग्रहालयांची जागतिक संघटना आयासाही जुन्या टेपांसाठी किमान हेच सांगते. इथे २४ बिट खरंच कामाचे आहेत, कारण सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या (मर्यादेच्या १२ डेसिबल खाली) आसपास ठेवून वर मोकळी जागा सोडता येते. १६ बिटमध्ये कुणी घाबरून फारच हळू मुद्रण केलं, समजा शेंडा उणे ३६वर, तर सहा बिट वाया गेले आणि उरलेल्या दहांत कॅसेट जेमतेम मावते. अशी फाइल मोठी करू नका, टेप पुन्हा वाजवा. साफसफाई झाली की घरच्यांना ऐकायला डिदर लावून १६ बिट, ४४.१ची फ्लॅक द्या.

ताईंच्या चौदा बाजू मिळून १०.९ जीबी झाल्या. त्या आकड्याकडे बघून त्या जरा नाराज दिसल्या. "आधीचं त्रेचाळीस होतं ना?" मग मी दोन्ही लागोपाठ वाजवल्या.

पाचवी कॅसेट अजूनही दबलेलीच आहे. तिथे माईकच पखवाजापुढे ठेवलेला होता, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आणि हो, काम झालं की कारखान्यात भरलेली एखादी चांगली कॅसेट लावून स्क्रू परत खुणेवर आणा. मी एकदा विसरलो होतो. पुढचे दोन दिवस माझ्या सगळ्या कॅसेटी दबलेल्या वाजत होत्या आणि मी नव्या हेडची किंमत विचारत फिरत होतो.